अर्थ आणि तात्पर्य

काव्याचा अर्थ म्हणजे त्यांतील शब्दांच्या कोशगत अर्थांची बेरीज, असा एक समज आहे; वाचकाला जो भासेल तोच काव्याचा अर्थ, असा दुसरा. आमच्या मतें भाषेच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केल्यामुळें हे दोन्ही समज उत्पन्न झाले आहेत.

देवळांत नारळ ‘वाढवितात’. तो ‘फोडला’ असें म्हणणें जुन्या माणसांना खटकतें. निरोप घेणारा मराठींत ‘येतों’ म्हणतो, कोंकणींत ‘येतां’. कोशाला येथें साक्षीस बोलाविलें, तर तो उलटच साक्ष देईल. तरीही ऐकणाराचा गोंधळ होत नाहीं. कारण शब्दाला अर्थ मिळतो तो समाजाच्या रूढीनें.

फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्यें ग्रंथरूपानें निघालीं. शब्द व अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध नाहीं, आणि शब्दाचें मोल शेजारच्या शब्दांवरून ठरतें, असा त्यांतील सिद्धांत आहे. आमच्याकडे काका निराळा, मामा निराळा. इंग्रजींत दोघांनाही ‘अंकल’. म्हणून ‘कंसमामा’ इंग्रजींत नेला कीं नातें पोंचतें, पण आजोळच्या मायेची अपेक्षा, आणि म्हणून तिच्या भंगाची वेदना, वाटेंतच सांडते.

आपल्या साहित्यशास्त्राची दृष्टि याहून पुढें गेली होती. नवव्या शतकांत काश्मिरांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ लिहून सूचित अर्थाला काव्याच्या आत्म्याचें स्थान दिलें. शास्त्रकारांचें नेहमींचें उदाहरण ‘गंगेवर गौळवाडा’ हें घ्या. अभिधेनें गंगा म्हणजे प्रवाह. प्रवाहावर घरें राहत नाहींत, म्हणून लक्षणेनें तीर घ्यावें लागतें. आणि त्या स्थळाची शीतलता व पावित्र्य हीं व्यंजनेनें कळतात. ‘गंगातीरावर’ म्हणा, स्थळ तेंच राहील, पण ती सूचना जाईल.

मग व्यंजनेच्या नांवाखालीं वाटेल तो अर्थ काढावा काय? मीमांसाशास्त्रानें याला बांध घातला आहे. उपक्रम-उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ति, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति या सहा लिंगांनीं तात्पर्य ठरवावें, असा त्याचा दंडक आहे. दस्तऐवजांतलें एकच कलम तोडून दावा चालत नाहीं, हें आम्ही व्यवसायांत नित्य पाहतों.

तुकोबांच्या एका अभंगाचा आरंभ देवही पाषाणाचा व पायरीही पाषाणाची, अशा कठोर बोलानें होतो. तेवढेंच उचलून त्यांना मूर्तिपूजेचे वैरी ठरविणारे भेटतात. परंतु लगेच पुढें भाव हेंच सार असें तुकोबा दोनदां सांगतात, आणि शेवट भाविकांच्या वर्मावर करतात. पुनरुक्ति व उपसंहार हीं दोन्ही लिंगें येथें एकाच दिशेला बोट दाखवितात: एकच पाषाण भावानें देव होतो.

कीर्तनांत बुवांनीं एखादा चरण मोठ्या आवेशानें सांगितला, तर श्रोत्यांनीं आदरपूर्वक संपूर्ण अभंग मागावा. अर्थाचा निवाडा त्याशिवाय होऊं शकत नाहीं.