नामाचा उच्चार आणि मुक्तीचे दार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. गाव लहान, परंतु पंडिता रमाबाईंनी तेथे वसविलेल्या 'मुक्ती' सदनामुळे त्याचे नाव सातासमुद्रांपलीकडे गेले. याच सदनात रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले. ज्या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहोत, त्याची दोन्ही अंगे या एका ग्रंथाच्या इतिहासात सापडतात. प्रश्न असा : देवाचे पवित्र नाव मूळ इब्री उच्चाराने न घेतल्यास मनुष्य मुक्तीस मुकतो काय?

हा प्रश्न कोणास पोरकट वाटेल. पण तो तसा नाही. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत काही ख्रिस्ती मंडळींनी या मताचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि पुढे इब्री नामे पूर्ववत घातलेल्या बायबलाच्या आवृत्त्याही निघाल्या. त्यांच्यातील कडव्यांचे म्हणणे असे की, नावाचे भाषांतर होत नसते. देवाने जे नाव स्वतः सांगितले ते टाकून दुसरे घेणे म्हणजे दुसऱ्याच दैवतास हाक मारणे होय. या म्हणण्याच्या मुळाशी आदर आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करितो. आपले नाव कोणी बेपर्वाईने बिघडविले तर आपणांसही ते खुपते.

शिवाय आम्हां भारतीयांस हा विचार परका नाही. 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकल्यामुळे त्वष्ट्याचा यज्ञ उलटला व इंद्राचा वध व्हावयाच्या ऐवजी वृत्रच मारला गेला, ही कथा वैदिक वाङ्मयात आहे, आणि पतंजलीने व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन सांगताना तिचाच दाखला घेतला आहे. परंतु शुद्ध उच्चाराची ही चौकशी जिभेपासून सुरू होते आणि बहुधा अधिकारापाशी येऊन थांबते, हाही आमचाच अनुभव आहे. कोल्हापुरास 1899 च्या सुमारास वेदोक्त प्रकरण उद्भवले, तेव्हा मंत्र कोणते म्हणावेत हा वाद वस्तुतः मंत्र कोणासाठी म्हणावेत याचाच वाद होता. आणि 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' ही पदवी दिली, त्या रमाबाईंच्या हाती केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत ठेवली, तेव्हा स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही या शिकवणीमुळे त्या प्रथम कचरल्या. ज्या स्त्रीने हे दार बंद असलेले पाहिले, तिने पुढे कोणते दार बांधले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

प्रथम त्या नावाकडेच वळू. इब्री लिपीत ते चार अक्षरांचे आहे, आणि ती चारही व्यंजने आहेत. आदरापोटी यहुदी लोक ते उच्चारीत नसत. वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असे म्हणत. पुढे शास्त्र्यांनी ग्रंथास स्वरचिन्हे दिली, तेव्हा वाचकास आठवण राहावी म्हणून या चार व्यंजनांस 'अदोनाय'चे स्वर जोडले. एकाची व्यंजने व दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचल्याने 'यहोवा' हे रूप सिद्ध झाले. 'याहवे' हे रूप विद्वानांनी पुराव्यावरून केलेले अनुमान आहे. ते संभाव्य असेल, पण अनुमानच. ज्या उच्चाराची शाश्वती आज पृथ्वीवर कोणासही देता येत नाही, त्यावर कोट्यवधी जीवांची मुक्ती टांगून ठेवणे हा देवाच्या न्यायबुद्धीचा गौरव नव्हे.

ज्यांचे ते नाव, त्यांची वृत्ती कशी होती? 'शेमा' ही यहुदी धर्माची मुख्य प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येते, असे त्यांच्या मिश्ना ग्रंथात सांगितले आहे. गीतरत्नावरील त्यांच्या प्राचीन भाष्यात तर याहून पुढची गोष्ट आहे. एखादा अडाणी मनुष्य 'प्रीती कर' हा शब्द चुकून 'वैर कर' असा वाचतो, आणि देव म्हणतो, याची ही चूकही मला प्रियच आहे! हे वाचून वाल्मीकीच्या 'मरा मरा'ची आठवण कोणास होणार नाही? आमच्या कुलाब्याकडील बेने इस्राएल लोकांचीही साक्ष घ्यावी. शतकानुशतके इब्रीचे ज्ञान लोपले असता त्यांनी शनिवारची विश्रांती व 'शेमा' एवढे जतन केले. शमुवेलचा सामाजी झाला, इसहाकचा इसाजी झाला, घरी बोलणे मराठी झाले. पुढे 1874 मध्ये त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक पुण्यातच इब्री व मराठी अशा दोन्ही भाषांत छापले गेले. सामाजी या नावाने त्यांचा धर्म बुडाला नाही.

आता ख्रिस्ती शास्त्राकडे पाहू. कारण वाद मुख्यतः तेथलाच आहे. नवा करार ग्रीक भाषेत आला, आणि ग्रीकांस 'श' हा ध्वनीच नाही. इब्री 'येशूआ' तेथे 'येसूस' झाला. म्हणजे नाव बदलण्याचे पाप असलेच, तर त्याची सुरुवात शुभवर्तमानकारांपासून होते. त्याहून मार्मिक गोष्ट क्रूसावरील आक्रोशाची. मत्तय ती हाक 'एली' अशी देतो, मार्क 'एलोई' अशी देतो. आणि जवळ उभे असलेल्यांपैकी काहींस वाटते की हा एलीया संदेष्ट्याला बोलावीत आहे. ज्या शास्त्रात पवित्र हाकेचे दोन उच्चार शेजारी शेजारी सुखाने नांदतात, त्या शास्त्राच्या आधारे एकाच उच्चाराचा हट्ट कसा धरावा?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील खेड्यांत शाळेला 'साळा' म्हणणारी माणसे आम्ही पुष्कळ ऐकिली आहेत. शहरी मनुष्य त्यास हसतो. शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्या मुलखातील निरक्षर बाई 'येशू' न म्हणता 'येसू' म्हणाली, तर शुद्धोच्चारवादी तिला कोणत्या तोंडाने दोष देणार? तिची चूक आणि मत्तयाचे ग्रीक लेखन एकाच ठिकाणी येऊन मिळतात! 'श' आणि 'स' यांवरून माणसे पारखण्याची एक कथा बायबलातच आहे. यार्देन नदीच्या उतारांवर पळून आलेल्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. जो 'सिब्बोलेथ' म्हणे त्यास तेथेच ठार करीत. असे 42,000 पडले, असे शास्त्र सांगते. उच्चाराची परीक्षा घेणारे तेथे देव नव्हते, तलवारी घेतलेली माणसे होती, हे विसरू नये.

आता रमाबाईंचा ग्रंथ. त्यांनी मूळ भाषांशी मुकाबला केला तो उच्चाराच्या मोहाने नव्हे. संस्कृतप्रचुर भाषांतर खेड्यातील बायांस कळत नाही, आणि त्यातील पुष्कळ शब्द जुन्या दर्शनांच्या अर्थाने भारलेले आहेत, या दोन कारणांनी. विलायतेत असताना लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालण्यास त्यांनी हरकत घेतली होती. ती भाषा आपल्या देशभगिनींस समजत नाही, मग संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. पुढे संस्कृतही दूरची वाटताच त्यांनी तीही बाजूस सारली. ग्रंथाची जुळणी, छपाई व बांधणी सदनातील स्त्रियांनी केली. शेवटची मुद्रिते तपासून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

त्यांच्या पद्धतीत आम्हांस एक उणीव दिसते, ती सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. जुन्या शब्दास जुना अर्थ कायमचा चिकटलेला असतो, ही त्यांची धास्ती अवाजवी होती. फादर स्टीफन्स यांनी 1616 च्या ख्रिस्तपुराणात 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणे वापरला, आणि रेव्हरंड टिळकांनी अभंग व कीर्तन यांस ख्रिस्ती देवळात नेले. त्यांच्या श्रोत्यांचा घोटाळा झाला नाही. शब्द वापराने धुऊन निघतात. रमाबाईंचे भाषांतर घरोघर रुजले नाही. पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत आज जे पवित्र शास्त्र वाचले जाते, त्यात त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' हा सर्वांच्या ओळखीचा शब्द आहे. मात्र त्यांची चिंता अर्थाची होती, ध्वनीची नव्हे. आणि अर्थाची चिंता वाचकास आत घेते, ध्वनीची चिंता त्यास उंबऱ्यावर थांबविते.

याचा अर्थ अचूकपणा निरर्थक आहे, असा कोणी घेऊ नये. इब्री धातू तपासणे, पाठभेद लावणे, नावे जपून लिहिणे, हे विद्वानाचे ऋण आहे आणि ते त्याने काटेकोर फेडावे. ते ऋण प्रार्थना करणाऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे. दर आषाढात तुकोबांची पालखी यवत व वरवंड येथे मुक्काम करीत याच दौंड तालुक्यातून जाते, मुक्ती सदनापासून थोड्या कोसांवरून. वारकरी कोणी विठ्ठल म्हणतो, कोणी विठोबा, कोणी इठू, कोणी विठाई. यांपैकी कोणती हाक पंढरीस पोचत नाही, हे सांगण्याचे धाडस आजवर कोणा शास्त्र्यास झाले नाही. इब्री नामाविषयी ते धाडस कोणी करू लागल्यास त्याने आधी केडगावच्या त्या स्त्रियांकडे पाहावे, ज्यांनी खिळे जुळवून शास्त्र छापले आणि आपल्याच बोलीत ते वाचले.