सुट्टी आणि हंगाम : परतलेल्यांच्या कथनाचे एक माप

१

परदेशी स्थायिक झालेले कुटुंब काही काळापुरते किंवा कायमचे घरी येते आणि तो काळ त्याला जड जातो, हे आशयसूत्र मराठी साहित्यात गेल्या चार-पाच दशकांत पुनःपुन्हा आलेले आहे. आई-वडिलांचे आजारपण, मृत्यू, वाटणी, लग्न अशा निमित्तांनी येणारी माणसे, त्यांना अनोळखी झालेले घर आणि निघताना उरणारी अपराधीपणाची बोच, असा या कथनांचा आकृतिबंध ठरून गेला आहे. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' (१९७३) या नाटकाने या आशयसूत्राची दुसरी बाजू, म्हणजे मागे राहिलेल्या आई-वडिलांची बाजू, मराठी मध्यमवर्गाच्या मनात पक्की रुजवली. समीक्षेने मात्र या सगळ्याकडे 'परात्मता' आणि 'मुळांचा शोध' या दोन सोयीच्या संज्ञांतून पाहिले. या संज्ञांमध्ये पाहणारा नेहमी परतलेला असतो. ज्यांच्याकडे तो परततो, ते केवळ पाहिले जातात.

एडवर्ड सैद यांनी 'रिफ्लेक्शन्स ऑन एक्झाइल' (१९८४) या निबंधात हद्दपार, निर्वासित, स्वेच्छेने परदेशी राहणारा आणि स्थलांतरित असे भेद केले आहेत. ते उपयुक्त आहेत. पण हे सारे भेद जाणाऱ्यांचे आहेत. जो गेलाच नाही, त्याच्यासाठी या वर्गीकरणात संज्ञा नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या कथनांना वरकरणी साधा असा एक प्रश्न विचारायचा आहे : परतीचा काळ कोणाच्या मापाने मोजला जातो?

२

परतणाऱ्याच्या हातात सुट्टी असते. सुट्टीला आरंभ असतो, अंत असतो, आणि तो अंत तिकिटावर छापलेला असतो. ज्या घरी तो येतो तेथे, विशेषतः कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरी, काळाचे माप हंगाम हे असते. हंगामाला असा ठरलेला अंत नसतो. मृग कोरडा गेला की पेरणी आर्द्रावर जाते. पेरलेले उगवले नाही की दुबार पेरणी करावी लागते आणि एका हंगामाचे कर्ज दुसऱ्या हंगामाच्या डोक्यावर बसते. सुट्टी संपते. हंगाम दुसऱ्या हंगामात शिरतो.

बुलढाणा जिल्ह्यात ही दोन्ही मापे एकाच दिवशी समोरासमोर येतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला शेतात घटमांडणी होते. घटाभोवती धान्ये मांडली जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत वर्तवले जाते. भाकिताच्या खरेखोटेपणाचा प्रश्न येथे नाही. येणारे वर्ष कोणत्या शब्दांत विचारले जाते, हे पाहण्यासारखे आहे. तीच अक्षय तृतीया खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात 'आखाजी' म्हणून लेकींच्या माहेरपणाची असते. लेक चार दिवस विसाव्याला येते. त्याच चार दिवसांत बाप आणि भाऊ वर्षभराच्या काळजीचा हिशेब मांडीत असतात. जात्यावरच्या ओवीने माहेरवाशिणीचे सुख-दुःख सांगितले, पण ती माहेरची परीक्षा घेण्यासाठी आली आहे असे कधी मानले नाही. परदेशाहून आलेल्या मुलाचे स्थान घरात बरेचसे माहेरवाशिणीसारखे असते : लाड आहेत, मान आहे, जबाबदारी नाही. फरक इतकाच की त्याचा वाटा सात-बारावर शाबूत असतो. कथनाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. वाटा असलेला पाहुणा हे या साहित्यातील मूळ पात्र आहे.

३

या पात्राचे सर्वांत समर्थ चित्रण विदर्भाच्याच भूमीवर झाले आहे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांसह त्याची त्रिनाट्यधारा झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती 'आविष्कार'तर्फे सादर केली. पहिल्या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतर सुधीर आणि अंजली मुंबईहून धरणगावच्या वाड्यात येतात. मुंबई हा परदेश नव्हे. पण नात्यांची रचना तीच आहे. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, घरातले सोने कोणाचे, हे प्रश्न येतात तेव्हा परतलेल्याचे दिवस आणि घराचे दिवस यांची चलने वेगळी असल्याचे प्रेक्षकाला कळते. सुधीरला किती दिवस राहायचे हे माहीत आहे. भास्कर आणि वहिनी यांना किती दिवस चालवायचे आहे हे माहीत नाही. नाटकाची ताकद अशी की ते दोघांपैकी कोणालाही खोटे पाडत नाही.

'युगान्त'मध्ये ही रचना एका पिढीने पुढे आणि एका समुद्राने पलीकडे जाते. सुधीरचा मुलगा अभय स्वीडनहून परतलेला आहे आणि पराग गावातच राहिलेला आहे. भोवती दुष्काळ आहे. दोन चुलतभावांचे हे समोरासमोर बसणे मराठी नाटकातील मोलाचा क्षण आहे, यात शंका नाही. तरीही येथे एक गोष्ट तपासून पाहावी लागते. या नाटकात दुष्काळ युगाच्या अंताचे रूप घेतो. शीर्षकच त्याला तसा अर्थ देते. पाणी आटणे आणि मूल्ये आटणे एकमेकांत मिसळतात, आणि परतलेल्याचा आतला कोरडेपणा बाहेरच्या कोरडेपणात आपले प्रतिबिंब पाहतो. प्रतीक म्हणून हे प्रभावी आहे. परंतु युगाच्या अंताला कर्जदार नसतो, सावकार नसतो, बाजारभाव नसतो. ज्या क्षणी दुष्काळ वैश्विक होतो, त्या क्षणी तो कोणाचाच राहत नाही, आणि दोन भावांची त्यासंबंधीची स्थिती समान भासू लागते. ती समान नसते. अभयला दुष्काळ दिसतो. परागला तो भोगावा लागतो. एलकुंचवारांच्या संवादांत हा भेद अनेकदा डोकावतो, मात्र नाटकाची अंतिम गती तो भेद चिंतनात विरघळवणारी आहे.

हा आक्षेप एका नाटककारापुरता नाही. परतीच्या कथनात प्रदेश पार्श्वभूमी होण्याचा धोका स्वभावतःच असतो. गाव थांबून राहिले, माणूस तेवढा जाऊन आला, अशी एक समजूत या कथनांच्या तळाशी असते. वऱ्हाडचा इतिहास तिला आधार देत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला आलेली मागणी लँकेशायरच्या गिरण्यांची होती. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. मेहकरला वकिली करीत राहिलेल्या ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेली, आणि कवी मेहकरातच राहिले. ही गावे जागेवर राहूनच जगाशी व्यवहार करीत होती. बहुधा तोट्याचा व्यवहार. जग पाहून आलेला आणि जग न पाहिलेला अशी विभागणी करून परतलेल्याला दृष्टी बहाल करणारे कथन म्हणूनच मुळात चुकते.

४

या धोक्यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग मराठीत दिसतात. गौरी देशपांडे यांच्या 'विंचुर्णीचे धडे' (१९९६) या पुस्तकात पहिला आहे. दीर्घकाळ परदेशी राहिलेली लेखिका फलटणजवळच्या विंचुर्णीत घर करते, आणि शीर्षकातच 'धडे' हा शब्द ठेवते. शिकणारे कोण आणि शिकवणारे कोण, याचा निवाडा त्या एका शब्दात आहे. दुसरा मार्ग भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीत दिसतो. मोहेंजोदडो येथे उत्खननात असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळून मोरगावला निघतो. तो पाहुणा राहूच शकत नाही, कारण वडिलांच्या मागे तो वारस आहे. येथे परतीचा प्रवास सुट्टीचे माप मोडून टाकतो. त्याच्या जागी पिढ्यांचे, शेतीचे, मेलेल्या बायाबापड्यांचे माप येते. नेमाड्यांच्या अडगळीच्या संकल्पनेविषयी मतभेद असू शकतात. खंडेरावला केवळ प्रेक्षक राहण्याची मुभा ती देत नाही, एवढे येथे पुरेसे आहे.

परंतु या दोन्ही मार्गांत निवेदनाचे केंद्र परतणारी व्यक्तीच आहे. केंद्र बदलले तर काय होते, हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी या मालिकेत वाचावी लागते. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी आजवर ग्रामीण साहित्याच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेतच ठेवली गेली. तिला परतीची कादंबरी कोणी म्हटले नाही. वस्तुतः एकनाथ हा परतलेलाच आहे. तो उच्चशिक्षण घेऊन आला आहे. नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे नाहीत म्हणून शेतीत आला आहे. शिक्षण हाच त्याचा परदेश, आणि तिथला परवाना रद्द झालेला आहे. त्याच्याकडे परतीचे तिकीट नाही. म्हणूनच या कादंबरीचे नाव हंगामाचेही नाही; ते बारा महिन्यांचे आहे. बियाणे, खत, देणे, भाव यांचा तपशील कादंबरीत इतक्या सातत्याने येतो की नापिकीचे प्रतीक व्हायला जागाच उरत नाही. काही समीक्षकांना हा तपशील बोजड वाटेल. या लेखाच्या दृष्टीने तोच कादंबरीचा नैतिक कणा आहे : दुःखाला हिशेब असला की ते कोणा दुसऱ्याला आपल्या मनःस्थितीसाठी उसने घेता येत नाही.

५

याच कादंबरीतील अलकाकडे या प्रकाशात पुन्हा पाहणे आवश्यक आहे. शहरी वळणाची ही मुलगी शिकलेल्या नवऱ्याच्या नोकरीच्या भरवशावर लग्न करून येते आणि शेतीच्या घरात अडकते. अखेरीस ती ते घर सोडते. तिला स्वार्थी ठरवणारे वाचन सोपे आहे, कारण कादंबरीची सहानुभूती उघडच एकनाथकडे आहे. पण परक्या भूमीवरचा कठीण काळ या कादंबरीत खऱ्या अर्थाने कोणाच्या वाट्याला आला असेल, तर तो अलकाच्या. अंजलीला वाड्यात काही दिवस काढायचे होते. अलकाला जन्म काढायचा होता. दोघींचे मोजमाप घरातल्या राबणाऱ्या बाईच्या तुलनेत होते. 'वाडा चिरेबंदी'त ती वहिनी आहे, 'बारोमास'मध्ये शेवंतामाय. परतलेल्या पुरुषाची घालमेल चिंतनाचा विषय होते आणि त्याच्याबरोबर आलेल्या बाईची घालमेल स्वभावदोष ठरते, ही विषमता आपल्या नाटक-कादंबऱ्यांइतकीच आपल्या समीक्षेतही आहे. देशमुखांची कादंबरी अलकाला पुरेसा आवाज देत नाही, ही तिची मर्यादा नोंदवली पाहिजे. तिचे जाणे मात्र ती लपवत नाही किंवा सावरूनही घेत नाही, हेही तितकेच खरे.

अनिवासींचे साहित्य आणि ग्रामीण साहित्य हे आपण दोन वेगळ्या फडताळांत ठेवत आलो आहोत. एकाचा वाचक शहरी, दुसऱ्याचा विषय खेड्यातला, असा हा सोयीचा करार आहे. एक भाऊ समुद्रापलीकडे, एक पुण्यात आणि एक चिखली-मेहकरच्या कोरडवाहू रानात, अशी घरे शोधायला आज फार लांब जावे लागत नाही. ते घर एकच आहे आणि त्याचा सात-बाराही एकच आहे. अभय आणि एकनाथ यांना चुलतभाऊ मानून वाचल्याशिवाय परतीच्या कथनाचा अर्थ लागणार नाही. परतलेल्याचे दुःख खोटे आहे, असे यातून सुचवायचे नाही. ते खरे असते, आणि मोठ्या कलाकृतींनी ते खरेपणाने मांडले आहे. पण त्याच्या दुःखाची लांबी सुट्टीएवढी असूनही ते हंगामाच्या भाषेत बोलू लागते, तेव्हा समीक्षेने त्याला थांबवून विचारले पाहिजे : या रानात पुढच्या मृगात तिफण कोणाच्या हातात असणार आहे? ज्याच्या हातात असणार आहे त्याच्या ओसरीवरून, त्याच्या घरच्या बाईच्या नजरेतून, परदेशाहून आलेल्या भावाचे ते चार आठवडे कोणी लिहील, तेव्हा हे आशयसूत्र आपल्याकडे पहिल्यांदाच पुरते उलगडेल.