पारोसं

आंघोळ न केलेल्या माणसासाठी मराठीनं एक स्वतंत्र विशेषण राखून ठेवलंय: पारोसा. बीडकडच्या घरांत ते सकाळच्या प्रहरी हमखास ऐकू येतं. ‘पारोशानं तुळशीला पाणी घालू नको’, ‘अजून पारोसाच बसलास व्हय रं?’ माणूसच कशाला, केर निघेपर्यंत आणि सडा पडेपर्यंत घरही पारोसंच.

गंमत अशी, की या शब्दात पाण्याचा थेंब नाही आणि मळाचा कणही नाही. त्याचं मूळ मानतात ते संस्कृत ‘पर्युषित’. त्यातलं ‘उषित’ हे ‘वस्’ धातूचं रूप. राहिलेलं, रात्र काढलेलं. थोडक्यात, शिळं. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामसी अन्नाला हेच विशेषण आहे. म्हणजे पारोसा माणूस घाणेरडा नसतो, रात्रीच्या भाकरीसारखा कालचा असतो. पडताळा घ्या: रात्री झोपताना कुणी साबण लावून स्वच्छ न्हाला, तरी उजाडताच तो पारोसा. उलट सकाळी आंघोळ उरकून दिवसभर मातीत राबलेला गडी संध्याकाळी धुळीनं माखलेला असेल, पण त्याला पारोसा कुणी म्हणत नाही. शास्त्रानं या शिळेपणातून गंगाजल आणि तुळशीचं पान वगळलं. माणसाला ती सवलत नाही. (जैनांचं ‘पर्युषण’ पर्वही याच ‘वस्’ धातूचं. तिथं मात्र राहण्यालाच पुण्य आहे!)

पण ‘पारोसा’ हा शब्द सकाळी दारात पाणी आणि हाताशी वेळ गृहीत धरतो. बीडमधल्याच आष्टी, पाटोदा, धारूरकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथं बाई अंधारातच कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल पेटवते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात असते. आंघोळीची सवड मिळालीच तर मोळ्या वाहून परतल्यावर. शब्दार्थानं ती दिवसभर पारोशी, आणि तोवर तिनं टनावारी ऊस गाडीत भरलेला असतो. संध्याकाळी ती अंगावर पाणी घेते ते घाम आणि पाचटाची कुसळं काढायला. कालचा दिवस धुवायला नव्हे. इथं ‘पारोसं’ला काही कामच उरत नाही.