ओवीतील नाव आणि ओवीखालचे नाव

१

संकलन हे समीक्षेचे पूर्वकार्य असते, समीक्षा नसते, अशी एक धारणा मराठी लोकसाहित्यविचारात दीर्घकाळ रूढ आहे. संकलकाने गोळा करावे आणि अभ्यासकाने अर्थ लावावा, अशी ही श्रमविभागणी. परंतु मौखिक रचना लिहून घेणे म्हणजेच तिचा पहिला अन्वय लावणे होय. ती कोठे सुरू होते, कोठे संपते, तिच्यातील पालुपद रचनेचे की केवळ गळ्याचे, तिला कोणत्या विषयाखाली ठेवावे आणि तिच्याखाली कोणाचे नाव लिहावे, हे सर्व निर्णय अर्थनिर्णयनाचेच असतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात, म्हणजे मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत, जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन सुरू झाले आणि जे आज इंटरनेटवर वाचता-ऐकता येते, त्याच्या संदर्भात यांपैकी शेवटचा निर्णय, म्हणजे नावाचा, येथे तपासावयाचा आहे.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, याला कारण आहे. चूल, पाटा-वरवंटा, जाते, शेणाने सारवलेली जमीन यांची दृश्ये ‘आपली संस्कृती’ या मथळ्याखाली संगणकाच्या आणि दूरध्वनीच्या पडद्यावर अखंड वाहत आहेत. या दृश्यांत जाते असते, पण ते नेपथ्य म्हणून. दळणारी बाई असते, पण ती ‘ग्रामीण स्त्री’ म्हणून. दैनंदिन जीवन तेथे पाहण्याची वस्तू होते आणि ज्यांचे ते जीवन आहे त्यांचे नाव दृश्याच्या बाहेर राहते. ओव्यांचा संग्रहही त्याच माध्यमात उभा आहे. मग तो या प्रवाहातील एक अधिक भर आहे, की त्याहून मूलतः वेगळा असा ज्ञानव्यवहार आहे? या प्रश्नाचे उत्तर संग्रहाच्या आकारात नव्हे, तर त्याने नावाशी जोडलेल्या संबंधात शोधावे लागते.

२

या संकलनाची सुरुवात १९८०च्या दशकात झाली. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ हे दोघे डोंगरपट्ट्यातील गरीब शेतकरी स्त्रियांबरोबर संघटनेचे काम करीत होते. लोकसाहित्य गोळा करणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. स्त्रियांनी स्वतःच्या स्थितीविषयी बोलावे, हा होता. सभेत न बोलणारी स्त्री जात्यावर बोलते, हे लक्षात आल्यावर ओवीकडे वळणे क्रमप्राप्त होते. त्याच परिसरातील कार्यकर्त्या स्त्रिया संकलक झाल्या, ही गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ओवी सांगणारी आणि ओवी टिपणारी यांच्यात नागर-ग्रामीण असे अंतर उरले नाही. १९९०च्या दशकात फ्रेंच संगीत-मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने या सामग्रीला ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय सूचीची जोड मिळाली. प्वातवाँ यांचे २००४ मध्ये व राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने पुढे हे भांडार स्वीकारले व २०१७ पासून ते टप्प्याटप्प्याने प्रकाशित केले. डोंगरपट्ट्यातून निघालेला हा शोध पुढे मराठवाड्यापर्यंत पसरला; हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा त्याचा विस्तार आहे.

विस्ताराचे एक समीक्षात्मक मूल्य आहे आणि ते बहुधा दुर्लक्षिले जाते. राईरकर-प्वातवाँ यांच्या लेखनाचा कल ओवीतील आत्मभान, वेदना आणि विरोध यांकडे आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांना म्हणूनच जवळच्या वाटतात. परंतु त्यांच्याच सूचीत मुलाचे कौतुक, भावाची वाट, माहेरचा अभिमान आणि पंढरीची ओढ यांच्या ओव्यांनी प्रचंड जागा व्यापली आहे. निवडक संग्रह संपादकाच्या दृष्टीला दुजोरा देतो. सर्वसंग्राहक सूची संपादकालाही प्रतिवाद करू शकते. विरोधाची ओवी आणि पुत्रगौरवाची ओवी एकाच कंठातून, बहुधा एकाच पहाटे निघते, हे सत्य या सूचीने झाकले नाही. लीला अबू-लुघोद यांनी इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील बदाऊन स्त्रियांच्या लघुगीतांविषयी १९८६ मध्ये दाखवून दिले की, गीतातील भावना आणि व्यवहारातील मर्यादा या परस्परांना खोट्या ठरवीत नाहीत. दोन्ही एकाच समाजाच्या भाषा असतात. मावळातल्या ओवीलाही हे लागू पडते.

३

मराठीत स्त्रीगीतांना नाव नसणे हाच त्यांचा गुण मानण्याची परंपरा आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या समग्र स्त्रीहृदयाच्या म्हणून येतात, कोणी सांगितल्या, हा प्रश्न तेथे गौण आहे. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते’ असे शीर्षक दिले. हा श्लेष मार्मिक आहे. जे पुरुषाने रचलेले नाही ते अपौरुषेय. आणि ज्याला कर्ताच नाही तेही अपौरुषेय, वेदासारखे. ज्या वेदाचा अधिकार स्त्रियांना नाकारला गेला, त्याचेच विशेषण स्त्रियांच्या गीतांना देण्यात मोठे धैर्य होते. परंतु या गौरवाची किंमतही लक्षात घ्यावयास हवी. अपौरुषेय ठरलेल्या वाङ्मयाला कर्ता नसतो, म्हणून कर्तीही नसते. पुरुषाला वगळताना सांगणारी बाईही वगळली जाते.

डोंगरपट्ट्यातून निघालेल्या या संग्रहाने ही परंपरा मोडली. येथे ओवीखाली सांगणारीचे नाव आहे, गाव आणि तालुका आहे. ‘पारी’वरील प्रसिद्ध भागांत तर जात, वय, मुले, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाचा दिवस यांचीही नोंद आढळते; सोबत छायाचित्र आणि आवाज असतो. वरवर पाहता ही न्यायाची साधी गोष्ट वाटते. मात्र ओवीचा रूपबंध ध्यानात घेतला की ती साधी राहत नाही.

४

ओवी नावांनी भरलेली असते. मुलाचे नाव, भावाचे नाव, क्वचित लेकीचे, शेजारणीचे, गावाचे. ज्याच्या त्याच्या घरातले नाव घालता यावे म्हणून रचनेत जागाच मोकळी ठेवलेली असते. एकीची ओवी दुसरीच्या तोंडी गेली की त्या जागी दुसरा भाऊ येऊन बसतो. परंतु दोन नावे सहसा येत नाहीत. एक नवऱ्याचे, तो ‘भरतार’ असतो, ‘कंथ’ असतो किंवा चुडा-कुंकवाच्या रूपकात लपलेला असतो. उखाण्यात चारचौघांच्या आग्रहाने जे नाव घ्यावे लागते, ते जात्याच्या एकांतात घेतले जात नाही. दुसरे न येणारे नाव दळणारीचे स्वतःचे. अभंगाच्या अखेरच्या चरणात नाममुद्रा असते आणि म्हणूनच दळण-कांडण करणारी जनाबाई कवयित्री म्हणून उरली. ओवीला नाममुद्रा नाही. तिच्यात ‘मी’ आहे, पण त्या ‘मी’ला कोणतेही नाव चिकटलेले नाही.

ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथांचा विचार करताना तमिळ काव्यशास्त्रातील ‘अकम्’ आणि ‘पुरम्’ या संकल्पना वापरल्या. घरात आजी सांगते त्या कथेत पात्रांना विशेषनामे नसतात. कथा घराबाहेर, व्यावसायिक कथेकऱ्याकडे गेली की तिला नावे फुटतात. ओवी या मांडणीला एक मुरड घालते. ती निश्चितपणे घराच्या आतली आहे आणि तरी नावांनी गजबजलेली आहे. अनाम आहे ती फक्त बोलणारी. म्हणजे ओवीतील अनामता ही विस्मृती नव्हे. तो संकेत आहे. स्वतःला रिकामे ठेवून आपल्या माणसांना नाव देणे, अशी ती एक काव्यगत व्यवस्था आहे. आणि त्या व्यवस्थेत स्त्रीच्या सामाजिक स्थानाचे प्रतिबिंब आहे, तसेच तिच्या मुक्ततेचेही. ज्या ‘मी’ला नाव नाही तिला सासूविषयी बोलता येते.

संग्रहाने नेमके हेच नाव ओवीखाली लिहिले. जे रूपबंधाने टाळले ते सूचीने भरून काढले. येथे लाभ आणि हानी एकमेकांत गुंतलेली आहेत. नाव लिहिल्याने बाई साधन राहत नाही, साक्षी होते. पुढे कोणी तिची ओवी चित्रफितीखाली पार्श्वसंगीत म्हणून वापरली, तर ती कोणाची हे विचारता येते. पण त्याच वेळी सामायिक उच्चार व्यक्तिगत उद्गार म्हणून वाचला जाण्याचा धोका उभा राहतो. वनवासी सीतेची ओवी सांगणारीचे वय आणि मुलांची संख्या शेजारी वाचली की वाचक नकळत त्या ओवीत तिचे चरित्र शोधू लागतो. जनगणनेच्या तक्त्याने काव्याचा अर्थ ठरविण्याचा हा प्रकार आहे.

५

या धोक्यावरचा उतारा सूचीतच आहे. तो म्हणजे पाठभेद. एकच ओवी दोन तालुक्यांत, दोन वेगळ्या नावांखाली, एखाद्या शब्दाच्या फरकाने आढळते, तेव्हा ओवीखालचे नाव कर्तृत्व सांगत नाही, धारण सांगते, हे उघड होते. ‘हिने रचली’ असे नव्हे, तर ‘हिने राखली, हिने या वळणावर नेली’ असे. ग्रंथरूप संग्रहात पाठभेद तळटिपेत जात असे किंवा पुनरुक्ती म्हणून गाळला जात असे. संगणकीय सूचीत तो समान दर्जाने नांदू शकतो. या माध्यमाची मौखिक परंपरेशी खरी जवळीक कोठे असेल तर ती येथे आहे. जात्याच्या चित्रात नाही.

वर्गीकरणाबाबत मात्र इतके समाधान मानता येत नाही. सूचीने ओव्या विषयवार लावल्या आहेत: सीता, पंढरी, आई आणि मुलगा, बहीण आणि भाऊ, सासर. शोधण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु जात्यावर ओव्या विषयवार येत नाहीत. मूठभर नाचणी किंवा तांदूळ जात्यात पडतो, खुंटा फिरतो, एकीने सोडलेली ओळ दुसरी उचलते. देवाच्या ओवीतून भाऊ निघतो, भावातून सासर, सासरातून सीता. हा क्रम हाच ओवीच्या अर्थाचा एक घटक आहे. विषयाच्या खणात ठेवलेली दोन ओळींची ओवी एखाद्या मताप्रमाणे भासते. वस्तुतः ती उत्तर असते, कधी आधीच्या ओवीला, कधी समोर बसलेल्या जावेला, कधी खुद्द जात्याला. ओवी दैनंदिन जीवनाचे वर्णन करीत नाही, ती त्या जीवनाच्या आतून कोणाला तरी संबोधित करते. तिच्यातून दळण्याची रीत किंवा घरातील चालीरीती वेचणारा वाचक संबोधनाला माहिती समजण्याची चूक करीत असतो.

सूचीतील बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या या संदर्भात निर्णायक आहेत. दलित स्त्रियांनी त्यांना ओवीतील भावाच्या किंवा बापाच्या जागी बसविले. जी मोकळी जागा घरातल्या माणसासाठी होती तेथे इतिहासातील माणूस आला. रामानुजन यांच्या परिभाषेत ‘पुरम्’ने ‘अकम्’मध्ये प्रवेश केला, आणि तोही परका म्हणून नव्हे, नातलग म्हणून. ओवीतील नावाची जागा ही केवळ कौटुंबिक नसून राजकीय शक्यता असलेली जागा आहे, हे येथे सिद्ध होते. गायिकेच्या जातीची नोंद इतरत्र काव्याच्या आड येत असली, तरी येथे तिच्यावाचून ओवीचा अन्वय लागत नाही.

६

गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले; ओवीचा प्रसंग संपला. पुष्कळ बायांनी ध्वनिमुद्रणासाठी जात्याशी पुन्हा बसून ओव्या म्हटल्या, तेव्हा त्या पीठ दळीत नव्हत्या, आठवण दळीत होत्या. म्हणून या संग्रहाला जिवंत परंपरेचा आरसा म्हणणे अयोग्य ठरेल, आणि तिचे थडगे म्हणणेही. ज्यांना उत्तर द्यावयाचे त्या समोर नसताना म्हटलेल्या संबोधनांचा हा साठा आहे. संस्कृतीचे प्रदर्शन आणि संस्कृतीचा दस्तऐवज यांतील भेद अस्सलपणाचा नाही. दस्तऐवजाला जाब विचारता येतो, प्रदर्शनाला येत नाही. कोणत्या गावची, कोणाची, अन्यत्र कशी, असे प्रश्न जेथे विचारता येतात तेथे बाई दृश्य होत नाही. भोर-वेल्ह्याच्या ओवीने स्वतःच्या नावाची जागा रिकामी ठेवली होती. संग्रहाने ती भरली हे योग्यच झाले. मात्र ते नाव वाचताना मूळची रिकामी जागाही वाचली पाहिजे, एवढे भान समीक्षेने राखणे आवश्यक आहे.