प्रबंधाचा विषय : नांव कीं प्रश्न?

बारामती-इंदापूर भागांतील विद्यार्थ्यानें विद्यापीठाच्या प्रबंधासाठीं 'मोरोपंत : जीवन आणि काव्य' असा विषय सुचविला, तर त्यांत नवल नाहीं. पंतांच्या (१७२९–१७९४) आयुष्याचा मोठा भाग बारामतीस गेला. अभिमान स्वाभाविकच आहे. परंतु हें नुसतें नांव झालें, त्यांत प्रश्न नाहीं. जेथें प्रश्न नाहीं तेथें उत्तरही नाहीं. मग पानें भरतात तीं पूर्वसूरींच्या मतांनीं.

विषय अस्पर्श असावा, हा आग्रहही आम्हांला फोल वाटतो. आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुप्याचेंच पाहा. १२ मे १८७५ रोजीं तेथें कुणब्यांनीं सावकारांवर हल्ला केला आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. सरकारनें आयोग नेमला, १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि प्रकरण सर्वपरिचित झालें. तरीही १९७२ सालीं नील चार्ल्सवर्थ यांनीं, या दंग्यांना दिलें जाणारें महत्त्व खरें काय, असें विचारलें; आणि जुनाच विषय नवा झाला.

इंदापूरची गोष्टही तशीच. रिकार्डोच्या खंडसिद्धांतास अनुसरून, निव्वळ उत्पन्न काढून प्रिंगल यांनीं बसविलेला सारा तेथें टिकला नाहीं. १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तेथेंच नवी पाहणी आरंभिली. पुढें मुंबई इलाख्यानें तोच कित्ता गिरविला. प्रिंगल यांच्या सिद्धांताचा मागोवा एरिक स्टोक्स यांनीं १९५९ सालीं घेतला. पण तो सारा गांवच्या पाटील-कुलकर्ण्यांनीं कसा पचविला अथवा चुकविला? हें विचारणाऱ्यास मोडी वाचतां आली पाहिजे. खरी अडचण येथेंच आहे. मोडी टाळतां यावी म्हणून विषय निवडला जातो, आणि त्यास 'आवड' हें नांव दिलें जातें!

आमची कसोटी साधी आहे. विषयापुढें प्रश्नचिन्ह घालतां येतें काय, आणि त्याचें उत्तर 'नाहीं' असेंही निघूं शकतें काय? या कसोटीनें मोरोपंतही बाद होत नाहींत. बारामतीकर नाईकांच्या आश्रयामुळें पंतांच्या काव्यविषयांची निवड बदलली काय, हा प्रश्न दोन वर्षें खर्चण्याजोगा आहे. तरुणाचीं तीं वर्षें पुन्हां येत नाहींत; विषय सुचविणाऱ्या गुरूनें तेवढें तरी स्मरावें.