नगरे खरोखर मरतात काय?

नगरे कशी वाढली हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ. ती कशी ओसरली हे सांगणारे थोडे. त्या थोड्यांपैकी दोन मी यंदाच्या पावसाळ्यात साखरशेतात वाचले. एक बेल्जियन इतिहासकार आन्री पिरेन यांचा महंमद आणि शार्लमेन यांच्यावरचा, त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली निघालेला. दुसरा रामशरण शर्मा यांचा भारतीय नगरांच्या ऱ्हासावरचा, १९८७ चा.

पिरेन म्हणतात, रोमची सत्ता मोडली तरी भूमध्य समुद्रावरचा व्यापार चालू होता, म्हणून नगरेही तगली. सातव्या शतकापासून अरबांमुळे तो समुद्र बंद झाला आणि फ्रँकांचे राज्य केवळ शेतीवर आले. शर्मा उत्खननाचे थर एकेक तपासतात. चौथ्या शतकाच्या आसपास आणि पुन्हा सहाव्यानंतर वस्ती विरळ झाली, दूरचा व्यापार आटला, राजे जमिनी दान देऊ लागले, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांची चिकाटी थक्क करणारी आहे.

पण नगर म्हणजे बाजार, हे दोघांचेही गृहीत आहे. आणि तेच मला पटत नाही. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी याने फ्रँकांचा इतिहास लिहिला. त्यात दिजोंच्या चार वेशी व तेहतीस बुरूज वर्णून तो नवल करतो, की याला नगर का म्हणत नाहीत! दिजोंला तट होता, पण बिशपची गादी लांग्रला होती. त्या काळी नगरपण तटबंदीवर किंवा पेठेवर ठरत नव्हते.

आता आमच्याच पालघर जिल्ह्यातले सोपारा पाहा. रोमन काळात पश्चिमेच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले हे बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, तेव्हा अवशेषांच्या करंड्याभोवती आठ ब्राँझमूर्ती निघाल्या. अभ्यासक त्या आठव्या-नवव्या शतकाच्या मानतात. म्हणजे ज्या शतकांना ऱ्हासाची म्हणायचे, त्यांतच कुणीतरी तो जुना स्तूप उकलून, मूर्ती मांडून, पुन्हा मिटवला. दहाव्या शतकात अल् मसूदी या किनाऱ्याची शहरे सांगताना ‘सुबारा’ विसरत नाही. नगर रोडावले असेल. त्याची काळजी वाहणारे मात्र होते.

हा वाद मला केवळ पंडिती वाटत नाही. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात. शाळेचे बाक रिकामे पडतात. पाऊस जवळ आला, की माणसे डोंगरात परततात. उद्याचा उत्खनक शहराच्या विटा मोजील. त्या पाडून नाचणी लावायला घरी आलेली बाई त्याला कोणत्या थरात सापडणार? ओस पडत्या नगरांतून कारागीर खेड्यांकडे गेले, हे शर्मांनी नोंदले आहे. कादंबरीकार म्हणून मला त्यांच्या मागोमाग जावेसे वाटते. तिथे त्यांना काय खायला मिळाले, कोणी जागा दिली, कोणाचे वेठबिगार व्हावे लागले?

तरीही दोन्ही ग्रंथ जरूर वाचावेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी आधी शर्मांचा घ्यावा, आणि सुटीत एकदा सोपाऱ्याचा स्तूप पाहून यावा.