वैद्याचे चरित्र आणि संशोधकाचे चरित्र

मराठी चरित्रवाङ्मयात डॉक्टरांची उणीव नाही. काशीबाई कानिटकरांनी १९१२ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली; आणि वीणा गवाणकरांचे 'डॉ. आयडा स्कडर' तर या पानांच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचलेलेच असेल. तीनही लेखनांविषयी मला आदर आहे. तरीही ती लागोपाठ वाचताना एक गोष्ट खटकते. या चरित्रांतील डॉक्टर आपल्या मनात राहतो तो त्याच्या त्यागामुळे. त्याला कोणता प्रश्न पडला होता, हे मात्र पुस्तक मिटल्यावर क्वचितच सांगता येते.

आयडा स्कडर यांच्या आयुष्यातील ती प्रसिद्ध रात्र घ्या. एकाच रात्री तीन घरांतील पुरुष अडलेल्या पत्नीसाठी मदत मागायला येतात, पुरुष डॉक्टर नको म्हणतात, आणि सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावतात. ज्याला आपण पाचारण म्हणतो, त्याचा हा अगदी रेखीव प्रसंग. चरित्रकाराला याहून अधिक काय हवे? परंतु त्याच वेल्लोरच्या रुग्णालयात १९७१ साली भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण झाले, ते ज्या वाचनातून, मोजमापांतून आणि अपयशांतून घडले असेल, त्यासाठी आपल्या चरित्रलेखनाकडे शैलीच नाही. संशोधकाच्या आयुष्यात अशी एक रात्र बहुधा नसते. एखादा चिवट प्रश्न असतो आणि तो वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही.

हे मनात येण्याचे कारण साहित्यिक नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात. मधुमेह चाळिशीच्या आतच लागला आणि पुढे मूत्रपिंडे गेली. शरीरयष्टी पाहाल तर काडीसारखी. पोट तेवढे किंचित सुटलेले. नगर जिल्ह्यातील दुष्काळी गावात १९७२च्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. पोटाशी असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. "मी कधी गोड खाल्ले नाही, दारूला शिवलो नाही, मग मलाच का?" हा त्यांचा प्रश्न. ईयोबाच्या पुस्तकातील मित्रांप्रमाणे आपण सारे त्यांना काही ना काही उत्तर देऊन येतो, आणि त्यांतले एकही त्यांना पटत नाही.

या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रश्न घेऊन आपल्याच शहरात एका डॉक्टरने आयुष्य घालवले आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्डमध्ये काही काळ संशोधन करून ते पुण्यास परतले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील मधुमेही प्रौढ आणि लठ्ठ; केईएमच्या बाकावर बसलेला मधुमेही तरुण आणि सडपातळ. पुस्तक चूक की रुग्ण चूक? पुस्तकावर विश्वास ठेवून रुग्णाला अपवाद ठरवणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही, आणि त्यांच्या पुढील लेखनाची सारी चव या नकारात आहे असे मला वाटते.

लेखन हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शास्त्रीय निबंधांना आपण वाङ्मय मानत नाही. परंतु २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी लिहिलेले जेमतेम पानभर टिपण कोणत्याही चांगल्या ललित निबंधाशेजारी ठेवावे. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून शीर्षकात त्या अक्षराची जोडी आणि पुढे विरोधाभास हा शब्द. सोबत दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. मुद्दा एवढाच, आणि तो पाहताक्षणी पटतो. कारणांची चर्चा करताना लेखक थट्टाही करतात: एक जण मॅरेथॉन धावतो, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत ते गाठणे. स्वतःचे शरीर पुरावा म्हणून मांडणारा आणि त्यावर हसू शकणारा संशोधक आपल्या चरित्रांत कुठे भेटतो? तिथे डॉक्टर हसला तर तो रुग्णाला धीर देण्यासाठी.

या टिपणामागे मात्र फार मोठी बैठक होती. केईएममध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांची चौथ्या आणि पुढे आठव्या वर्षी तपासणी झाली. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांत मधुमेहाकडे झुकणाऱ्या खुणा आढळल्या. इंग्लंडमधील साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर हे प्रौढपणीच्या रोगांची मुळे गर्भावस्थेत शोधत होते. त्यांच्या आणि डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातापोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, साउदम्प्टनची ३.५ किलोंची. परंतु इथल्या बाळांत स्नायू आणि अवयव कमी वाढलेले असताना चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. इंग्रजीत यासाठी दोन शब्दांची सुटसुटीत जोडी रूढ झाली. मराठीत 'अंगाने किडकिडीत, आतून लठ्ठ' असे लांबण लावावे लागते. कोणी चांगला शब्द सुचवला तर हवा आहे.

मूत्रपिंड हा याज्ञिकांच्या लेखनाचा मुख्य विषय नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण तो त्यांच्या उंबरठ्यावरच आहे. मधुमेह झालेल्यांपैकी साधारण तिघांतील एकाच्या मूत्रपिंडांना पुढे इजा पोहोचते. आणि दुसरा धागा अधिक खोल आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात, ते सारे आईच्या पोटातच तयार होतात. सुमारे छत्तिसाव्या आठवड्यानंतर एकही नवा बनत नाही. ही शिदोरी कमी मिळालेल्याला पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार गाठतो, असे बॉस्टनचे बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडले. २००३ साली जर्मनीत अपघातात मरण पावलेल्या वीस जणांची मूत्रपिंडे तपासली गेली. रक्तदाब असलेल्या दहा जणांत हे घटक प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ७ लाख आढळले, तर त्याच वयाच्या इतर दहा जणांत १४ लाख. त्या गृहस्थांच्या पोटी किती लाख होते हे आता कोण सांगणार? एका माणसावरून सिद्धांत होत नाही. तरीही 'मलाच का' याचे उत्तर कदाचित त्यांच्या जन्माआधीच्या खडीच्या ढिगाशी असू शकते, हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे माझे काही चुकले नाही." कोणत्याही उपदेशाने त्यांना तोवर हे मिळाले नव्हते.

आता माझी तक्रार. या साऱ्या लेखनात आई सतत आहे, परंतु ती मोजली जाते, बोलत नाही. डॉ. शोभा राव यांच्या २००१ सालच्या निबंधात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खाणाऱ्या खेड्यातील मातांची बाळे अधिक भरल्या अंगाची आढळली. २००८ साली याज्ञिकांनी दाखवले की बऱ्याच मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी आणि फॉलिक आम्ल जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाची पूर्वचिन्हे अधिक होती. निष्कर्ष मोलाचे आहेत. परंतु ते खेड्यात पोहोचतात तेव्हा त्यांचे रूपांतर फार लवकर 'आईने नीट खाल्ले नाही' या वाक्यात होते. घरात दूध कोणाच्या वाट्याला येते, डोहाळ्यांत फळ कोण आणून देते, आठव्या महिन्यात पाण्याचा हंडा कोण उचलते, हे रक्ताच्या नळीत उतरत नाही. शास्त्रीय निबंधाने ते सांगावे अशी अपेक्षा अन्यायाची होईल. त्या स्त्रियांची नावे तर छापताही येत नाहीत. पण चरित्रकाराला हे अंगण मोकळे आहे, आणि तिथे आपण फिरकलेलो नाही.

शिवाय या कार्याला काळाचे जे परिमाण आहे, ते कादंबरीचेच आहे. १९९४ ते १९९६ या काळात त्या सहा खेड्यांत जन्मलेली मुले मोठी झाली. २०१२ पासून त्यांच्यातीलच मुलामुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळाचे काय होते ते पाहता यावे. आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्या एकाच वहीत. संशोधकाचे केस पांढरे होतात आणि बार्करसारखा सहकारी २०१३ साली जगातून जातो, तरी वही मिटत नाही. ज्याला नायकाची रात्र हवी आहे, अशा चरित्रकाराच्या हाती यातले काहीच लागणार नाही. त्याला रास्ता पेठेतील कागदपत्रांबरोबर त्या खेड्यांतील ओट्यांवरही वर्ष-दोन वर्षे बसावे लागेल.

त्या गृहस्थांच्या आई अजून आहेत, ऐंशीच्या घरात. मुलाचे जन्माचे वजन किती होते, असे मी त्यांना विचारले. "वजन?" त्या म्हणाल्या. "कामावरून आले, रात्री बाळंत झाले. काटा होता कुठं सर, गावात? तो खडीच्या मुकादमाकडं होता."